एका पत्त्यावरच्या दोन निविदा

दादांनी आकडा सांगितला तेव्हा धाकटी ताटं उचलत होती. हातातलं ताट तिनं पुन्हा टेबलावर ठेवलं.

"हा एका फेरीचा ना?" तिनं विचारलं.

"वर्षाचा. एका पियानोमागे, दोन्ही फेऱ्या धरून," दादा म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलला. थोरल्या दिरांची ही सवय तिला पाठ होती. वाद होणार असं दिसलं की ते आधी सावकाश पाणी पीत.

रविवारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. खाली कारखाना आणि वर घर, अशी ही जागा मामंजींच्या वडिलांपासून चालत आलेली. तेव्हापासून शहरातल्या आणि डोंगराकडच्या सगळ्या सरकारी शाळांचे पियानो याच घरानं सुरात ठेवले होते, तेही नुसत्या शब्दावर. सत्र सुरू व्हायच्या आधी मुख्याध्यापकांना निरोप जायचा आणि मागोमाग घरातला माणूस हत्यारांची पेटी घेऊन दारात उभा राहायचा. यंदा मात्र शिक्षण कार्यालयानं टेंडर काढलं. शहरातल्या शाळांचा एक गट, डोंगराकडच्यांचा दुसरा. प्रत्येक गटाचा लिफाफा वेगळा, करार तीन वर्षांचा, आणि लिफाफे टाकायची मुदत उद्या दुपारपर्यंत. त्यात एक मोठी कंपनीही उतरणार अशी पक्की खबर होती. ती कंपनी मुळात विजेवर वाजणारे कीबोर्ड विकायची.

"एवढ्यात दोन फेऱ्या होणार नाहीत, दादा," धाकटी म्हणाली. "डोंगराकडचे पियानो बदलत्या हवेनं पार उतरलेले असतात. आधी सगळ्या तारा ओढून वर आणायच्या, मग पियानो तसाच राहू द्यायचा, मग परत बसून नीट लावायचा. घाई केली की आठवड्याभरात होता तिथं येतो."

"दुसऱ्या फेरीला सगळे कुठं उघडत बसायचे? ज्याची तक्रार येईल तो लावायचा. बाकीच्यांवरून नुसता हात फिरवायचा. पोरं तर बडवतच असतात. त्यांना काय कळतंय?"

"मला कळतं ना."

दादांनी पेला खाली ठेवला. "मला काय हौस आली आहे का, धाकटे? कंपनी पडेल त्या भावानं घेणार. त्यांना ट्यूनिंगमध्ये कमवायचंच नाही. एकदा आत शिरले की म्हणणार, पियानो जुना झाला, भंगारात टाका, आमचा कीबोर्ड घ्या. मी चढा भाव लावला तर दोन्ही गट हातचे गेले. खाली दोन कारागीर आहेत, वडिलांच्या वेळचे. त्यांना मी काय सांगू?"

यात खोटं काहीच नव्हतं आणि तीच पंचाईत होती. दादा लबाड असते तर धाकटीचं काम सोपं झालं असतं. पण बाजारात गोडगोड बोलून गिऱ्हाईक आणणारे दादा घरासाठी जीव टाकायचे, हे ती लग्न होऊन आल्यापासून बघत होती.

"त्या भावात मी डोंगरावर जाणार नाही," ती म्हणाली. तोंडातून गेल्यावर तिची तिलाच धास्ती वाटली. या टेबलावर नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ होती.

"नको जाऊस." दादांचा आवाज चढला नाही. "डोंगराचा लिफाफा भरतच नाही. शहराचा तेवढा भरतो. तू आता दुकानात बस, गिऱ्हाइकं बघ. तेवढीच तुझी दगदग वाचेल."

म्हणजे एका वाक्यात डोंगराकडच्या शाळा सुटल्या. धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो डाव्या हातानं टेबलावरचे कण गोळा करत होता. त्या शाळा आधी मामंजींच्या होत्या, मग त्याच्या झाल्या. तिथल्याच एका शाळेत गाडीतून पियानो उतरवताना फळी सरकली आणि त्याचं उजवं मनगट खाली सापडलं. हात वाचला, पण किल्ली फिरवायची ताकद गेली ती गेलीच. पियानोच्या खुंट्या फिरवायची किल्ली मग धाकटीनं हातात घेतली. पहिली काही वर्षं तो तिच्या शेजारी स्टूल टाकून बसायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं. अजून. बस."

"अहो, तुम्ही तरी बोला काही," ती म्हणाली.

"दादा म्हणतो ते व्यवहाराला धरून आहे," तो म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही.

सासूबाई, म्हणजे माई, इतका वेळ खुर्चीत डोळे मिटून होत्या. झोपल्यात असं सगळ्यांना वाटत होतं. "झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं. "मग दिवा बंद करा आणि जा. मला पडू द्या."

स्वयंपाकघरात थोरली जाऊ भांडी घासत होती. धाकटी फडकं घेऊन पुसायला उभी राहिली, पण तिच्या हातून एकच पेला दोनदा पुसला जात होता.

"तू वेगळा भर," जाऊ म्हणाली. नळ सुरूच होता, त्यामुळे धाकटीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय?"

"डोंगराचा लिफाफा. तुझ्या नावानं भर. यांना तो नकोच आहे. मग तू घेतलास तर यांचं काय जातंय?"

"दादा काय म्हणतील?"

"त्यांचं मी बघते. मी सांगेन त्यांना, मूड बघून. तू सांगायला गेलीस की ते भडकणार. माझं ऐकून घेतात." जाऊनं नळ बंद केला. "किती वर्षं तू त्या डोंगरावर जातेस आणि पाटी कोणाच्या नावाची? मला काय, मी आपलं तुझ्या भल्याचं सांगते."

जाऊबाई अशा आपल्या बाजूनं उभ्या राहतील हे धाकटीला स्वप्नातही वाटलं नसतं. इतक्या वर्षांत दोघींमध्ये कधी भांडण झालं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. आता मात्र तिला जाऊचे ओले हात धरावेसे वाटले. असं का, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

ती तशीच खाली कारखान्यात गेली. सुट्टीचा दिवस, कारागीर नव्हते. तिचा नवरा एकटाच कामाच्या टेबलाशी बसून पियानोच्या आतल्या लाकडी हातोड्यांना नवं फेल्ट चिकटवत होता. वरून सुटून इथं येऊन बसायचं, हे त्याचं नेहमीचं.

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. निविदेवर ट्यूनर लोकांच्या संघटनेत नोंद असलेल्या माणसाची सही लागते. तिची नोंद कधी केलीच नव्हती, कारण दादांची आहे ना, मग कशाला, असं घरात ठरलं होतं. नवऱ्याची मात्र अजून चालू होती.

"मला तुमची सही हवी आहे," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

त्यानं हातातली हातोडी खाली ठेवली. "दादाच्या विरोधात?"

"विरोध कुठं आला? ते भरतच नाहीयेत तो गट."

"माझ्या हातासाठी त्यानं स्वतःचा पियानो विकला. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर आजवर ते म्हणतील तेच झालं. मी कधी काही बोलले का?"

"नाही बोललीस." बोटाला लागलेला गोंद तो अंगठ्यानं खरवडत होता. "तुला खरं सांगू? हात गेल्यावर मला त्या शाळांचं नावही नको झालं होतं. मग तू जायला लागलीस. परत येऊन जेवताना सांगायचीस, अमक्या शाळेत खालची तार तुटली, तमक्या शाळेत उंदरांनी फेल्ट खाल्लं. मी काही बोलायचो नाही. पण दिवसभर मी त्याचीच वाट बघायचो."

धाकटीला हे कधी कळलंच नव्हतं. तिला वाटायचं, आपण बडबडतो आणि हा कंटाळतो.

"आण कागद," तो म्हणाला. "पण दादाच्या कानावर आधी गेलं पाहिजे. मागून कळलं तर त्याला लागेल."

"जाऊबाई सांगणार आहेत."

"तिच्यावर कशाला सोडतेस? तू सांग."

"मी सांगितलं तर भडकतील म्हणाल्या."

त्याला ते पटलेलं दिसलं नाही, पण त्यानं डाव्या हातानं, लहान मुलासारखी जीभ दातात धरून, सही केली. दुसऱ्या दिवशी धाकटीनं स्वतःच्या बचतीतून अनामत भरली आणि लिफाफा कार्यालयातल्या पेटीत टाकला. दादांचा लिफाफा त्याच पेटीत आधीच पडला होता.

लिफाफे उघडायला अवकाश होता आणि ते दिवस धाकटीचे काही केल्या सरेनात. एका डॉक्टरीणबाईंच्या घरी पियानो लावायला गेली, तर एकच तार तिनं तीनदा सैल करून तीनदा ओढली. जिना उतरताना आपण कशाला उतरतोय हे विसरायची. दादा मात्र मजेत होते. शीळ घालत कारखान्यात फिरायचे, कारागिरांची थट्टा करायचे. जाता जाता तिला म्हणाले, "काय धाकटे, चेहरा का उतरलाय? सगळं ठीक होईल."

त्यांना सगळं कळलंय आणि त्यांनी मोठ्या मनानं पोटात घातलंय, असं तिला वाटलं. तरी तिनं जाऊला गाठलंच.

"जाऊबाई, बोललात ना दादांशी?"

"हो गं. कानावर घातलंय," जाऊ म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बघू म्हणाले."

उघडण्याच्या दिवशी दादा लवकरच गाडी घेऊन निघून गेले. धाकटी आणि तिचा नवरा मागून बसनं गेले. कार्यालयाच्या सभागृहात लाकडी खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत कंपनीचा माणूस बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कातडी फाईल. दादा खिडकीशी होते. या दोघांना दारातून आत येताना पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या, मग ते हसले आणि शेजारच्या खुर्च्यांवर हात मारून या, बसा, अशी खूण केली. आपल्याला धीर द्यायला भाऊ आणि भावजय आलीत, असंच त्यांना वाटलं असणार. कानावर घातलेल्या माणसाचा हा चेहरा नव्हता.

"दादा, मला तुमच्याशी..." तिनं सुरुवात केली, पण अधिकारी बाई आत आल्या आणि सगळे उठून उभे राहिले.

आधी शहराचा गट उघडला. कंपनीचा आकडा दादांपेक्षा बराच वर होता. इतका वर, की दादा खुर्चीत पुढं सरकले आणि त्यांनी भावाच्या गुडघ्यावर थाप मारली. मग त्यांचा हात तसाच राहिला. एवढं खाली उतरायची गरजच नव्हती, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना धाकटीनं पाहिला. धाकटी म्हणत होती तसा चढा दर लावला असता, तरी शहर घरातच राहिलं असतं.

"डोंगराकडचा गट," बाई म्हणाल्या. "दोन निविदा." त्यांनी कंपनीचा आकडा वाचला. मग दुसरा लिफाफा फोडला आणि आधी आडनाव वाचलं, मग धाकटीचं नाव, मग आकडा. तो कंपनीपेक्षा कमी होता.

दादांनी भावाच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"मॅडम, एक विचारू का?" कंपनीचा माणूस अदबीनं उभा राहिला. "या दोन्ही निविदांवर पत्ता एकच दिसतो. आडनावही एकच."

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चष्मा वर केला, खाली केला. "बरोबर आहे. नियमाप्रमाणे एका व्यवसायानं एकाच नावानं निविदा भरायच्या. दोन नावांनी आल्या तर दोन्ही बाद." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "तुम्ही आणि हे एकच आहात की वेगळे?"

धाकटी उभी राहिली. एकच म्हणावं तर शहरही गेलं, डोंगरही गेला, आणि कारागिरांचं कामही गेलं. वेगळे म्हणावं, तर ते म्हणणारी ती कोण? दुसऱ्या घरातून आलेली बाई. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तोही अर्धवट उठला होता, दुखरा हात पोटाशी धरून, आणि दादांकडे बघत होता, लहानपणी काही फुटलं की बघत असेल तसा.

"आम्ही मागे घेतो, मॅडम," तो म्हणाला. "आमची निविदा..."

"बस खाली, बाळ्या," दादा म्हणाले. ते खिडकीशी उभे राहिले होते. "मॅडम, आम्ही वेगळे आहोत."

"दोघं भाऊ ना तुम्ही?"

"सख्खे भाऊ. पण वेगळे झालो आहोत. घर एक आहे, व्यवसाय दोन."

"कधीपासून?"

दादांनी धाकटीकडे पाहिलं, रागानं नाही, नीट निरखून पाहावं तसं.

"मागच्या रविवारपासून," ते म्हणाले.

बाईंनी कोरा कागद पुढं सरकवला. "तसं लिहून द्या. दोन्ही भावांच्या सह्या. आमचा माणूस येऊन जागा बघून जाईल."

दादांचं अक्षर मोत्यासारखं. गिऱ्हाइकं त्यांच्या पावत्या जपून ठेवायची. त्यांनी न थांबता, एकही खाडाखोड न करता लिहिलं, सही केली आणि कागद भावाकडे दिला. उजव्या हातानं कागद दाबून धरणं त्याला जमेना. दादांनी कागदाची कड दाबून धरली, तो हलू नये म्हणून. सही होईपर्यंत तशीच धरून ठेवली.

बाहेर आल्यावर कोण कसं जाणार हा प्रश्नच होता. बसचा थांबा समोर होता आणि गाडी फाटकाशी. दादांनी गाडीचं दार उघडलं. "बसा," ते म्हणाले. "आता काय बसनं जाणार आहात?"

पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं बसले, कारण मागं सगळी हत्यारं होती.

"दादा, कागदापुरतंच आहे ना ते?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"सही तूही केलीस," दादा म्हणाले. मग एका वळणावर त्यांनी गाडी हळू केली. "मला कोणी सांगावं, असं कोणाच्याच मनात आलं नाही?"

धाकटीच्या जिभेवर जाऊचं नाव आलं होतं. ते सांगितलं असतं तर दादांचा अर्धा राग तिच्यावरून उतरला असता. नवरा तिच्याकडे बघत होता. त्यालाही ते नाव ठाऊक होतं. पण इतके दिवस दादा तिच्या समोरून शीळ घालत गेले होते आणि तिनं एकदाही त्यांना थांबवलं नव्हतं. मूड बघायचं काम दुसऱ्यावर सोपवून ती मोकळी झाली होती.

"मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाले. "तू सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. दोन दिवस भांडलो असतो. मग हो म्हटलं असतं." त्यांनी गाडीचा वेग पुन्हा वाढवला.

जाऊ दारातच उभी होती. तिघांना एका गाडीतून उतरताना पाहून तिला काय कळायचं ते कळलं. दादा जिना चढून तिच्या पुढ्यात आले तशी ती बाजूला झाली.

"तुला माहीत होतं," दादा म्हणाले. तो प्रश्न नव्हता. धाकटीनं नाव घेतलं नव्हतं, पण बायकोचा चेहरा त्यांना वाचता येत होता.

"मला वेगळं व्हायचं होतं," जाऊ म्हणाली. तिनं हे इतक्या सरळ सांगितलं की दादाही थबकले. "कितीदा म्हटलं तुम्हाला, दोन खोल्या का होईना, आपल्या आपल्या. तुम्ही ऐकून घेतलंत कधी? पण चार माणसांत, असं, तुमची मान खाली जाईल असं नको होतं मला." तिचा आवाज फाटला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. धाकटीला तिचा राग यायला हवा होता. तो आलाही, पण तिच्या शेजारून पुढं जाताना तिचा हात आपोआप जाऊच्या पाठीला लागला.

आत माई टेबलाशी बसल्या होत्या. जेवण झाकून ठेवलं होतं. माई कोणासाठी थांबत नसत, पण आज थांबल्या होत्या.

"मिळालं का?" त्यांनी विचारलं.

"मिळालं," दादा म्हणाले. "शहर मला. डोंगर यांना."

"यांना म्हणजे?"

दादांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही रंगवलंही नाही. कंपनीच्या माणसानं काय विचारलं, बाई काय म्हणाल्या, आपण काय लिहून दिलं.

"तारीख घातलीस कागदावर?" माईंनी विचारलं.

"घातली. रविवारची."

"म्हणजे रविवारपासून तुम्ही वेगळे."

"माई, ते नियमासाठी..."

"ते समजलं मला. मी एवढंच विचारते, मग रविवारपासून मी कोणाकडे जेवतेय?"

"माझ्याकडे," दोघं भाऊ एकदमच म्हणाले आणि एकदमच थांबले.

माईंनी एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. धाकटीच्या मनात येऊन गेलं, पुढच्या आठवड्यात आपण डोंगरावर जाऊ, आणि संध्याकाळी परत येऊन सांगायचं ते कुठल्या टेबलावर बसून सांगू?

"ठरवा तुम्ही," माई म्हणाल्या. "ठरलं की मला सांगा. मला भूक लागली आहे."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली, झाकण काढलं आणि स्वतःच्या हातानं वाढून घेऊ लागल्या. बाकीचे चौघं टेबलाभोवती तसेच उभे राहिले. रोजच्या खुर्च्या रोजच्या जागी होत्या, पण आपण कोणत्या खुर्चीत बसायचं, हे त्यांच्यातल्या कोणालाच कळत नव्हतं.